बलुतं : खळ्यावरचं आणि पदरातलं

आजच्या भागात एकच शब्द घेऊन बसूया. बलुतं.

'बारा बलुतेदार' आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग... गावागणिक ही यादी थोडी बदलायची. ही माणसं वर्षभर गावाचं काम करायची, पण रोजच्या रोज पैसे मिळायचे नाहीत. सुगी आली की शेतकऱ्याच्या खळ्यावर जायचं आणि रिवाजाप्रमाणे पेंढ्या, धान्य घ्यायचं. हा वाटा म्हणजे बलुतं. शब्दाचा सरळ अर्थ एवढाच. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात ही सगळी रीत तपशिलात वाचायला मिळते.

आता गंमत बघा. बलुतं हा हक्क होता, पण जन्मानं चिकटलेला. महारांचंच उदाहरण घ्या. सांगावे पोचवायचे, गावाची राखण करायची, सरकारी माणसांच्या दिमतीला राहायचं, मेलेली जनावरं ओढायची. बदल्यात बलुतं आणि थोडी वतनी जमीन. हे वतन म्हणजे मान नसून बेडी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठासून सांगितलं. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. पण ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

म्हणजे शब्द इतिहासजमा व्हायला हरकत नव्हती. पण १९७८ साली ग्रंथालीनं दया पवारांचं आत्मकथन छापलं आणि त्याचं नाव होतं 'बलुतं'. पुस्तकात धामणगावचा महारवाडा आहे, मुंबईचा कावाखाना आहे, शिकून नोकरी करणारा माणूस आहे. धान्याची वाट बघत खळ्यावर बसायचे दिवस मागे पडलेत. मग हे बलुतं कसलं? जातीनं पदरात टाकलेल्या दुःखाचं.

मला विचाराल तर सगळी ताकद इथंच आहे. पवारांना 'नशीब', 'भोग' असे कितीतरी शब्द मिळाले असते. पण नशिबाला देणारा दिसत नाही. बलुत्याला देणारा असतो. कुणीतरी खळ्यावर उभा राहून माप घालत असतो आणि गावाचा रिवाज त्याच्या पाठीशी असतो. शिवाय बलुतं कष्टाच्या बदल्यात मिळतं आणि बापाकडून मुलाकडे जातं. हे तिन्ही धागे लक्षात ठेवून पुस्तकाचं नाव पुन्हा वाचा. पिढ्यान्‌पिढ्या राबायचं आणि मोबदल्यात दुःख मोजून घ्यायचं, असा हिशोब त्या एका शब्दात मांडलेला दिसतो. खळं माहीत नसेल, तर हा हिशोब लागतच नाही. लाक्षणिक अर्थ सरळ अर्थाच्या खांद्यावर उभा असतो, तो असा.

म्हणूनच, 'पूर्वी बारा बलुतेदार कसे गुण्यागोविंदानं नांदायचे' असं भाषणात किंवा रीलमध्ये ऐकलंत, की एक प्रश्न जरूर विचारा : माप कुणाच्या हातात होतं?

भेटूया पुढच्या भागात, नव्या शब्दासोबत.