हेलीबरीचा विद्यार्थी

निकालाचे दिवस आले की आमच्या धर्मग्रामातील पालक मुलामुलींना घेऊन आमच्याकडे येतात. गुणपत्रिका टेबलावर ठेवली जाते, चहा होतो आणि मग मूळ प्रश्न निघतो. गेल्या जून महिन्यात एक गृहस्थ आपल्या कन्येसह आले. तिला पदवीसाठी लोकप्रशासन हा विषय घ्यावयाचा होता आणि पुढे जमल्यास सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करावयाचा होता. वडिलांची तक्रार सरळ होती : "फादर, कारभार काय पुस्तकात शिकायचा असतो? आपले तलाठी कुठे शिकायला गेले होते?" आम्ही हसलो, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या मुलीला तेव्हा जे घाईत सांगितले, ते येथे जरा विस्ताराने मांडीत आहोत.

कारभार विद्यापीठात शिकवावा ही कल्पना तशी जुनी आहे. प्रशियाचा राजा पहिला फ्रेडरिक विल्यम याने १७२७ साली हाले आणि ओडर नदीवरील फ्रांकफुर्ट येथील विद्यापीठांत राज्यव्यवहाराची अध्यासने स्थापन केली. राजाचा खजिना, शेती, वनसंपत्ती यांची व्यवस्था कशी ठेवावी हे तेथे शिकवले जाई. आपल्या देशात याचा आरंभ १८०० साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात झाला. विलायतेहून आलेल्या कोवळ्या कारकुनांना येथील भाषा शिकवणे हे त्याचे मुख्य काम. विल्यम कॅरी हे बॅप्टिस्ट मिशनरी तेथे बंगाली व संस्कृतबरोबर आपली मराठीही शिकवीत. १८०५ सालचे त्यांचे मराठी व्याकरण अशा विद्यार्थ्यांच्या गरजेतून निपजले. (आपले फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी भाषेचे व्याकरण त्याच्या कितीतरी आधी, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले होते, याची वाचकांना जाता जाता आठवण करून देतो. मात्र ते कारभाऱ्यांसाठी नव्हते.)

कंपनीच्या संचालकांना कलकत्त्याचा हा खर्च फारसा रुचला नाही. त्यांनी १८०६ साली इंग्लंडमध्येच स्वतःचे कॉलेज काढले; १८०९ पासून ते हेलीबरी येथील नव्या वास्तूत भरू लागले. हिंदुस्थानावर राज्य करणारे मुलकी अधिकारी पुढील जवळजवळ पन्नास वर्षे याच कॉलेजातून बाहेर पडले. प्रवेशासाठी गुणवत्तेपूर्वी संचालकाची शिफारस लागे. कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा, असा तो मामला होता. परंतु अध्यापक मात्र नामवंत होते. इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत थॉमस माल्थस, लोकसंख्येच्या सिद्धांताचे जनक आणि स्वतः अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक. १८०५ साली त्यांची नेमणूक झाली आणि १८३४ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर राहिले. अन्न मर्यादित आहे, माणसे मात्र वाढत जातात, आणि दुष्काळ हा त्या वाढीवरील एक लगाम आहे, हा विचार घेऊन मुलांच्या कित्येक तुकड्या जहाजात बसल्या.

त्यांपैकी एका विद्यार्थ्याची कथा आम्हांला वारंवार आठवते. त्यांचे नाव चार्ल्स ट्रेव्हेल्यन. जन्म १८०७ चा. हेलीबरीचे शिक्षण आटोपून १८२६ साली ते बंगालच्या मुलकी सेवेत दाखल झाले आणि लवकरच दिल्लीला गेले. तेथील रेसिडेंट एडवर्ड कोलब्रुक हे त्यांचे वरिष्ठ. ते लाच घेतात असा जाहीर आरोप या तरुणाने १८२९ साली केला. वय अवघे बावीस! दिल्लीतील गोऱ्या समाजाने त्यांना वाळीत टाकण्याचा प्रयत्न केला. परंतु चौकशीत आरोप खरे ठरले आणि कोलब्रुक यांना पदावरून जावे लागले. अशा निर्भय, निष्कलंक अधिकाऱ्याची कोणत्याही कॉलेजाला धन्यता वाटावी.

१८४० साली ट्रेव्हेल्यन लंडनच्या अर्थखात्यात वरिष्ठ पदावर गेले. पाच वर्षांनी आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. तेथील गरीब कॅथलिक कुळांचे सारे जेवण बटाट्यावर अवलंबून होते. पंतप्रधान पील यांनी अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका आणवून पहिल्या वर्षी कशीबशी वेळ निभावली. १८४६ साली मात्र पीक जवळजवळ संपूर्ण बुडाले. संयमाच्या चळवळीमुळे साऱ्या आयर्लंडला ठाऊक असलेले कॅपुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू त्या सुमारास कॉर्कहून डब्लिनला गेले, तेव्हा वाटेवरची शेते हिरवीगार होती. आठवड्याभराने ते परतले, तो सर्वत्र कुजलेली पाने आणि कुंपणावर बसून आक्रोश करणारी माणसे. हे सर्व त्यांनी पत्राने कळवले, ते ट्रेव्हेल्यन यांनाच. कारण मदतकार्याची दोरी त्यांच्या हाती होती.

त्या दोरीचे काय झाले? ट्रेव्हेल्यन आळशी नव्हते, भ्रष्ट तर नव्हतेच. पत्रे, हिशेब, सूचना यांत त्यांनी स्वतःला बुडवून घेतले. परंतु सरकारने धान्य खरेदी करून वाटले तर व्यापार बिघडेल आणि लोक परावलंबी होतील, ही त्यांची ठाम श्रद्धा. म्हणून परदेशी धान्याची सरकारी खरेदी थांबली. उपाशी माणसांना तुटपुंज्या मजुरीवर रस्त्यांच्या कामाला जुंपले गेले. १८४७ च्या मार्च महिन्यात अशा कामांवर सुमारे सात लाख लोक होते. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात सरकारी सूपघरे उघडली आणि दररोज सुमारे तीस लाख लोकांना अन्न मिळू लागले. म्हणजे सरकारला ते जमत होते! आणि तरीही शरद ऋतू येताच ती बंद करून सारा भार आयर्लंडच्याच करदात्यांवर टाकण्यात आला. या काळात आयर्लंडमधून धान्य आणि गुरे बाहेर जातच होती. सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. १८४८ साली ट्रेव्हेल्यन यांना 'सर' हा किताब मिळाला.

सारा दोष या एका माणसावर टाकणे अन्यायाचे होईल. मंत्रिमंडळ त्याच मताचे होते आणि इतिहासकारांत याविषयी आजही वाद आहे. पण ट्रेव्हेल्यन यांनी या संकटात परमेश्वराची योजना पाहिली, आयरिश समाजाला सुधारण्यासाठी आलेली. धर्मगुरू म्हणून आम्हांला येथे थांबावेसे वाटते. आपल्या धोरणाचे फळ देवाच्या नावावर मांडणे हा मोह केवळ इंग्रज अधिकाऱ्यांचा नाही, तो आम्हां व्यासपीठावर उभे राहणाऱ्यांनाही सुटलेला नाही.

नवल असे की, याच ट्रेव्हेल्यन यांनी स्टॅफर्ड नॉर्थकोट यांच्यासह वशिलेबाजी मोडण्याची शिफारस करणारा अहवाल लिहिला. १८५४ साली तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांचे मेहुणे मेकॉले यांच्या समितीने हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी तोच मार्ग सुचवला. १८५५ पासून स्पर्धापरीक्षा सुरू झाली आणि १८५८ साली हेलीबरीचे कॉलेज बंद पडले. आज आपली मुले ज्या परीक्षांसाठी डोळे फोडतात, त्यांचे मूळ येथे आहे. वशिला गेला हे उत्तमच झाले. परंतु परीक्षेने बुद्धी तपासली; ती बुद्धी कोणत्या विचाराच्या सेवेत राबणार, हे कोणी तपासले नाही.

त्याचा प्रत्यय लवकरच आपल्या मुलखाला आला. सर रिचर्ड टेंपल हेही हेलीबरीचेच. १८७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि फारच थोडे लोक दगावले. याबद्दल त्यांची वाहवा व्हावी की नाही? उलट उधळपट्टीचा ठपका आला. १८७६ साली मद्रास व मुंबई इलाख्यांत दुष्काळ पडल्यावर पाहणीस पाठवलेल्या टेंपल यांनी तो ठपका पुसून काढण्याचे मनावर घेतले आणि कामावरील मजुराचा दर दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतका खाली आणला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली आणि गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हा आहार जगण्यास अपुरा असल्याचे आकड्यांनिशी दाखवले. दर पुढे वाढवावे लागले, पण तोवर फार उशीर झाला होता. दोन वर्षांतील मृतांचा अंदाज पन्नास लाखांच्या पुढे जातो. कारभारी तोच, त्याचे कसबही तेच; धोरण बदलले आणि मृतांचा आकडा बदलला.

त्यानंतर दुष्काळ आयोग बसला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. सार्वजनिक सभेच्या मंडळींनी कोणत्याही विद्यापीठात धोरणाचा अभ्यास केला नव्हता. परंतु त्यांनी जे केले, त्याला आज धोरण-विश्लेषण म्हणतात.

विद्यापीठांना हे उमगायला वेळ लागला. अमेरिकेत वुड्रो विल्सन यांनी १८८७ साली प्रशासनाच्या स्वतंत्र अभ्यासाचा आग्रह धरला आणि राजकारण व प्रशासन यांची क्षेत्रे वेगळी मानली. काय करायचे ते पुढाऱ्यांनी ठरवावे, कसे करायचे ते प्रशासकाने पाहावे, अशी ही वाटणी पुढे बराच काळ चालली. ट्रेव्हेल्यन यांची कथा माहीत असलेल्याला ती गैरसोयीची वाटावी. दुसऱ्या महायुद्धानंतर हॅरॉल्ड लासवेल आदी विद्वानांनी धोरण हाच अभ्यासाचा विषय केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९५१ चा. आपल्याकडे मद्रास विद्यापीठाने १९३७ साली लोकप्रशासनाची पदविका सुरू केली. भारतातील पहिला स्वतंत्र विभाग मात्र १९४९ साली नागपूर विद्यापीठात निघाला आणि त्याच्या नावात लोकप्रशासनाच्या जोडीला स्थानिक स्वराज्यही होते. ही जोडी आम्हांला फार आवडते. १९५४ साली दिल्लीत लोकप्रशासनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि १९८७ पासून केंद्रीय मुलकी सेवा परीक्षेत हा ऐच्छिक विषय झाला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्याची व्याप्ती वाढली, १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील नोकरदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुराला काम! खडी फोडण्याचे काम आयर्लंडमध्येही होते. येथे फरक असा की, काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. २००५ च्या केंद्रीय कायद्यापुढे हा नमुना होता.

इतके ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे फादर, शिकून माणूस चांगलाच होतो असे नाही." आम्ही म्हटले, "नाही." मुलगी मात्र तोवर फादर मॅथ्यू यांच्या पत्रात अडकली होती. तिने विचारले, "त्या पत्राला उत्तर काय आले होते?" जुलै महिन्यात तिने प्रवेश घेतला. परवा ती आमच्या वाचनालयात आली आणि रोजगार हमीच्या कायद्याची मराठी प्रत आहे काय म्हणून विचारू लागली. आमच्याकडे नव्हती, मुंबईहून मागवली आहे.