लाल भोपळ्याचा केक : अंडी, दूध, मैदा काहीच नको, फक्त गर घट्ट हवा

पावसाळा सरला की बांधावरचे, गोठ्याच्या छपरावर चढलेले भोपळ्याचे वेल सुकू लागतात आणि पानाआड लपलेली फळं उघडी पडतात. जून-जुलैत टोकलेलं बी साधारण साडेतीन-चार महिन्यांत तयार फळ देतं. त्यामुळे नवरात्र ते दिवाळी या काळात गावोगावी घरात एकदम चार-पाच भोपळे येऊन पडतात. अख्खा भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, पण एकदा चिरला की दोन-चार दिवसांत संपवावा लागतो. भाजी, भरीत, घारगे झाल्यावरही फाक उरतेच. त्या फाकेचा चांगला उपयोग म्हणजे केक. हा केक अंडी, दूध, लोणी न घालता आणि कणकेचा करता येतो. ओव्हन नसला तरी अडत नाही.

नाव वेगळं, फळ एकच

लाल भोपळ्याला कुठे तांबडा भोपळा, कुठे डांगर, कुठे काशीफळ किंवा गंगाफळ म्हणतात. विदर्भात त्यालाच कोहळं म्हणतात आणि त्याचे गोड बोंडे करतात. इतर भागांत मात्र कोहळा म्हणजे पेठ्याचं पांढरं फळ. केकसाठी ते चालत नाही, कारण त्यात पाणी फार आणि गर कमी.

भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचे पाय, ब्रेड आणि केक घरोघरी होतात. त्यात पडणारा मसाला म्हणजे दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. आपल्याकडे तो डब्यात असतोच.

व्हीगन म्हणजे नेमकं काय?

प्राण्यांपासून मिळणारा कुठलाही पदार्थ न वापरता केलेलं खाणं म्हणजे व्हीगन. हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये रूढ झाला. यात अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, लोणी, मधही चालत नाही. ‘एगलेस’ केक व्हीगन असेलच असं नाही, कारण त्यात बहुतेक वेळा दही, दूध किंवा कंडेन्स्ड मिल्क असतं. ज्यांना दूध पचत नाही किंवा दुधाची, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

साहित्य (७ इंची डबा, १० तुकडे)

- कणीक, बारीक चाळलेली : १८० ग्रॅम (दीड कप)
- भोपळ्याचा घट्ट गर : २४० ग्रॅम (एक कप)
- चिरलेला गूळ : १३० ग्रॅम
- शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल : ६० मिली (पाव कप)
- पाणी किंवा नारळाचं दूध : ६० मिली
- बेकिंग पावडर : दीड छोटा चमचा
- खायचा सोडा : अर्धा छोटा चमचा
- लिंबाचा रस : एक मोठा चमचा
- दालचिनी पूड एक छोटा चमचा, सुंठ अर्धा, जायफळ पाव, मीठ चिमूटभर
- भोपळ्याच्या सोललेल्या बिया : दोन मोठे चमचे

गर असा काढा

या केकचं सगळं यश गरात आहे. अंडी केकला बांधून ठेवतात आणि ओलावा देतात. इथे ते काम भोपळ्याचा गर आणि कणीक मिळून करतात. पण कच्च्या भोपळ्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते आटवलं नाही तर केक वरून झालेला दिसतो आणि आतून शिऱ्यासारखा राहतो. परदेशी पाककृतीत ‘एक कप भोपळा’ असतो तो बहुधा डब्यातला आटवलेला गर असतो. तेच माप आपल्या पातळ गराला लावलं की फसगत होते.

पूर्ण पिकलेला, साल टणक झालेला, आतून गडद केशरी भोपळा निवडा. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा भोपळा टाकून द्या. हा कडूपणा शिजवूनही जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाबाचा जोरदार त्रास होऊ शकतो.

साल-बिया काढलेल्या साधारण अर्धा किलो फोडी पाणी न घालता वाफवा. कुकरमध्ये वाफवताना फोडींच्या भांड्यात पाणी नको. शिजल्यावर चाळणीत अर्धा तास निथळू द्या, घोटा आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परता. चमच्यातून गर पडताना ओघळ न येता गोळा पडला की झाला. मग पूर्ण गार करा. निथळलेलं पाणी आमटीत किंवा कणीक भिजवायला वापरता येतं.

कृती

१. पाणी कोमट करून त्यात गूळ विरघळवा आणि गाळून घ्या. गुळात बारीक खडा किंवा चिपाड असतंच.
२. गुळाचं पाणी गार झाल्यावर त्यात तेल आणि गर घालून एकजीव करा.
३. कणीक, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि मसाले दोनदा एकत्र चाळा.
४. डब्याला तेल लावून तळाशी कागद घाला. ओव्हन किंवा पातेलं आधीच तापत ठेवा.
५. कोरडं मिश्रण ओल्यात घालून हलक्या हाताने कालवा. कोरडी कणीक दिसेनाशी झाली की थांबा. जास्त घोटलं की कणकेला चिवटपणा येतो आणि केक दडस होतो.
६. शेवटी लिंबाचा रस घालून दोन-तीनदा फिरवा, लगेच डब्यात ओता, वरून बिया पेरा. लिंबू आणि सोडा भेटले की बुडबुडे सुटतात. तेच केक फुगवतात, म्हणून इथे रेंगाळायचं नाही.
७. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला ३५ ते ४० मिनिटं भाजा. मधोमध सुरी घालून बघा. कोरडी निघाली की केक झाला.

ओव्हन नसेल तर

ओव्हनशिवाय भाजणं आपल्याकडे नवं नाही. कोकणात मोठ्या काकडीचं धोंडस चुलीवर होतं. तांदळाचा रवा, गूळ, खोबरं आणि किसलेली काकडी पातेल्यात घालून खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवायचे, की दोन्हीकडून खरपूस भाजलं जातं.

केकसाठी जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या. तळाला दोन वाट्या जाडं मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, वर तिवई किंवा वाटी पालथी घाला, घट्ट झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. मग डबा आत ठेवून आच मंद करा. ४५ ते ५५ मिनिटं लागतात. पहिली ३५ मिनिटं झाकण उघडू नका. प्रेशर कुकर वापरायचा असेल तर शिटी आणि रिंग दोन्ही काढलीच पाहिजेत. मात्र कोरडा तापवल्याने कुकर खराब होऊ शकतो, म्हणून पातेलंच बरं.

बिघडला तर कारण काय?

- मधे बसला : गर पातळ होता किंवा झाकण लवकर उघडलं.
- साबणासारखी चव, काळपट रंग : सोडा जास्त झाला.
- फुगलाच नाही : बेकिंग पावडर जुनी, किंवा मिश्रण कालवून ठेवून दिलं.
- कापताना भुगा : गरम असताना कापला. निदान दोन तास गार होऊ द्या.

पौष्टिक किती, गोड किती?

भोपळ्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं आणि सोबत थोडं तेल असलं की ते चांगलं शोषलं जातं. कणकेमुळे मैद्यापेक्षा जास्त तंतू मिळतात. बियांतून प्रथिनं आणि मॅग्नेशियम मिळतं.

पण दुसरी बाजूही आहे. वरच्या मापाने एका तुकड्यात साधारण १७५ ते १८० कॅलरी आणि १३ ग्रॅम गूळ येतो. गूळ हीसुद्धा साखरच. गुळाचा केक रक्तातली साखर वाढवत नाही, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. म्हणजे दोन तुकडे खाल्ले की तो हिशेब जवळपास संपतो. भोपळा गोड असेल तर गूळ १०० ग्रॅमपर्यंत कमी करता येतो. मधुमेह असणाऱ्यांनी ‘घरचा आहे, भोपळ्याचा आहे’ म्हणून मोकळ्या हाताने खाऊ नये. आणि कणीक असल्याने हा केक उपवासालाही चालत नाही.

विक्री करायची असेल तर

दिवाळीच्या फराळासोबत असा केक विकायचा विचार बचत गट आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्या महिला करू शकतात. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. पाकिटावर घटक, तयार केल्याची तारीख आणि किती दिवसांत खायचा ते लिहावं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध असू शकतं. व्हीगनसाठी २०२२ पासून वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आहे, ते मंजुरीशिवाय छापता येत नाही. तुपाचा हात लागलेला डबा किंवा दुधाचं भांडं तसंच वापरलं तर अ‍ॅलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाला त्रास होऊ शकतो, म्हणून भांडी वेगळी ठेवावीत. ‘शुगर फ्री’ किंवा ‘मधुमेहींसाठी’ असं या केकवर लिहू नये, कारण ते खरं नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात हा केक बाहेर दोन दिवस आणि फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. उरलेले भोपळे देठासकट काढून आठवडाभर उन्हात वाळवावेत आणि कोरड्या, हवेशीर जागी एकमेकांना न टेकवता ठेवावेत. देठ मोडलेला किंवा खरचटलेला भोपळा आधी वापरावा.