छायाचित्रावरील नाममुद्रा आणि तिच्या पाठीमागचे दफ्तर

आपण टिपलेले छायाचित्र महाजालावर सर्वांसाठी खुले करताना त्यावर आपल्या नावाची खूण, म्हणजे व्यवहारात जिला सर्वजण वॉटरमार्क म्हणतात ती, उमटवावी की न उमटवावी, याविषयी छायाचित्रकारांत दोन तट पडलेले आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्या वस्तूची नक्कल बोटाच्या एका स्पर्शासरशी होते आणि घटकाभरात गावोगाव पोहोचते, ती धन्याच्या नावावाचून चव्हाट्यावर ठेवणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. दुसऱ्या पक्षाला वाटते की, ज्या चित्रासाठी प्रकाशाची वाट पाहत तासन् तास तिष्ठत बसलो, त्याच्याच मुखावर आडवीतिडवी अक्षरे गोंदून त्याची शोभा घालवणे हा स्वतःच्या हाताने केलेला अपराध आहे, आणि ज्याला चोरायचे तो ती अक्षरे पुसूनही चोरणारच. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती ही की, खुणेचे प्रयोजन चोरीला आळा घालणे एवढेच आहे. या गृहीताची परीक्षा इतिहासाच्या कसोटीवर केली पाहिजे, कारण हस्तांतर होणाऱ्या वस्तूवर कर्त्याची किंवा धन्याची खूण करण्याचा व्यवहार छायाचित्रणाहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याच्या अनुभवातून या वादाचा निवाडा बऱ्याच अंशी होऊ शकतो.

मराठेशाहीतील एखादे महत्त्वाचे राजपत्र डोळ्यांपुढे आणावे. कागदाचे लांबट तुकडे एकाखाली एक डकवून त्याचा बंद सिद्ध केलेला असे. शिरोभागी राजमुद्रा असे. मजकूर जेथे संपला तेथे, त्याच्या खाली कोणास एकही ओळ वाढवता येऊ नये म्हणून, मर्यादादर्शक मोर्तब उमटवलेले असे. आणि जेथे दोन तुकडे एकमेकांस जोडले तेथे पाठीमागून सांध्यावर शिक्का मारलेला असे, जेणेकरून मधला एखादा तुकडा काढून त्या जागी दुसरा घालणाऱ्याची लबाडी उघडकीस यावी. इतका बंदोबस्त असूनही वतनांच्या आणि इनामांच्या तंट्यांत बनावट सनदा पुढे येतच, कारण शिक्का खोदणारा कारागीर जसा सरकारात असतो तसा सरकारबाहेरही असू शकतो. मात्र असा तंटा उभा राहिला म्हणजे कागदावरच्या शिक्क्याचा ठसा, कारकुनाचे वळण आणि दफ्तरातील नोंद ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहता येत. शिक्क्याने खोट्या कागदाचा जन्म थांबवला नाही. खऱ्या कागदाला आपले खरेपण सिद्ध करण्याचा मार्ग तेवढा त्याने दिला, आणि तोही दफ्तर शाबूत होते म्हणूनच. खूण आणि दफ्तर यांचा हा संबंध छायाचित्राच्या इतिहासात पावलोपावली आढळतो.

छायाचित्रणाची वार्ता १८३९ साली पॅरिसहून जगभर पसरली, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, जिच्या कामकाजात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थही होते. त्याच साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने भेटपत्राच्या आकाराच्या छोट्या छबीचे पेटंट घेतले आणि थोड्याच वर्षांत या छब्यांचे वेड सर्वत्र पसरले. सुमारे चार इंच लांब आणि अडीच इंच रुंद अशा जाड पुठ्ठ्यावर पातळ कागदी छबी चिकटवलेली. छबीच्या खाली उरलेल्या बोटभर कोऱ्या पट्टीवर छायाचित्रकाराचे नाव बारीक अक्षरांत. आणि पुठ्ठा उलटला की पाठीवर वेलबुट्टीच्या चौकटीत त्याचे नाव, पेढीचा पत्ता, प्रदर्शनांत मिळालेली पदके, आश्रयदात्या संस्थानिकाचा उल्लेख, असा सारा थाटमाट. बहुधा याच मजकुराच्या तळाशी एक साधी ओळ असे: मूळ काच जतन करून ठेवलेली आहे, आणखी प्रती केव्हाही मिळतील. पुष्कळदा त्या ओळीशेजारी शाईने काचेचा क्रमांक घातलेला असे. पदकांचा डौल आता कोणाच्या उपयोगाचा राहिला नाही, परंतु तो क्रमांक आणि ती ओळ यांनी हातातली प्रत पेढीच्या कपाटातल्या काचेशी बांधून ठेवलेली होती. पुढे कोणी हौसेने अशी छबी पुठ्ठ्यावरून सोडवून संग्रहाच्या जाड पानावर खळीने चिकटवली की तो धागा तुटे, आणि नातवंडांच्या हाती उरे तो केवळ एक अनोळखी चेहरा.

ही अडचण ओळखून काही छायाचित्रकारांनी खूण पुठ्ठ्यावरून थेट काचेवर नेली. काचेच्या ज्या बाजूला रसायनाचा थर असे त्या बाजूवर, कोपऱ्यात, उलटी अक्षरे लिहावी लागत, कारण छापताना तीच बाजू कागदाला भिडत असे. काळ्या शाईने लिहिले तर तेवढ्या जागी प्रकाश अडून छापात पांढरी अक्षरे उमटत, आणि सुईने थर खरवडला तर अक्षरे काळी येत. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि हिमालयातील दुर्गम खिंडी ओलांडून त्याने शेकडो काचा सिद्ध केल्या. तो मायदेशी परतल्यानंतरही बोर्न अँड शेफर्ड ही पेढी त्याच काचांवरून प्रती काढून विकत राहिली. आज बोर्नची एखादी विटलेली प्रत अभ्यासकाच्या हाती आली तर कोपऱ्यातील क्रमांक पेढीच्या छापील यादीशी ताडून त्या दृश्याचे स्थळ आणि काळ ठरवता येतो. ज्या प्रतीचा कोपरा कोणी कात्रीने छाटला, तिच्याबाबत तर्क लढवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण राजा दीनदयाळ यांचे आहे. मीरतजवळच्या सरधन्याचा हा तरुण रुडकीच्या अभियांत्रिकी विद्यालयातून शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागला, तुकोजीराव होळकरांच्या उत्तेजनाने त्याने छायाचित्रणाची कास धरली, आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार होऊन १८९६ साली मुंबईतही आपली पेढी उघडली. त्याच्या चित्रांच्या खालच्या कडेशी बारीक अक्षरांत नाव आणि क्रमांक दिसतो, तोही असा की, राजवाड्याच्या कमानीवरून किंवा शिकारीच्या मेळाव्यावरून दृष्टी फिरताना त्याचा अडथळा कोठेही होऊ नये. १९०५ साली तो निवर्तला. त्याच्या पेढीतील अडीच हजारांहून अधिक काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने आपल्या संग्रहात घेतल्या. कडेची ती इवली अक्षरे आणि त्या काचा यांच्या संयोगामुळेच, गोऱ्या साहेबांच्या संग्रहांत विखुरलेली कित्येक चित्रे एका हिंदी माणसाच्या हातची आहेत हे आज निःशंकपणे सांगता येते.

ही खूण न्यायासनापुढे कशी उतरते, याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ साली दिला. न्यू यॉर्कच्या नेपोलियन सॅरोनी या नामांकित छायाचित्रकाराने १८८२ साली ऑस्कर वाइल्ड या लेखकाची छबी घेतली होती. बरो-जाइल्स नावाच्या शिळाछाप कंपनीने परवानगीवाचून तिच्या ८५,००० नकला छापल्या. प्रत्येक मूळ प्रतीवर हक्काचा उल्लेख, साल आणि एन. सॅरोनी हे नाव छापलेले होते. प्रतिवादीचा पहिला मुद्दा असा की, छायाचित्र हे यंत्राचे काम असल्याने त्याला कर्ता नसतोच. आणि दुसरा असा की, संपूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षर घातल्याने सूचना अपुरी ठरते. न्यायमूर्ती मिलर यांनी दोन्ही मुद्दे अमान्य केले. बैठक, वेष, पडदे, प्रकाश आणि छाया यांची योजना करणारा तो कर्ताच होय. आणि प्रत हातात घेणाऱ्यास कर्त्याचे नाव, त्याचा दावा आणि त्याचे वर्ष या तीन गोष्टी कळल्या की खुणेचे काम झाले, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्या खुणेमुळे ८५,००० नकला छापणे थांबले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या छापल्या गेल्यावर दाद मागण्याचा आधार मात्र या खुणेनेच दिला, आणि सॅरोनीच्या पदरात सहाशे दहा डॉलरांचा हुकूमनामा पडला.

तथापि नाव उमटले म्हणजे सत्य उमटले असे नव्हे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावावर प्रसिद्ध झाली, कारण त्या काळी स्त्रीने काढलेल्या वृत्तचित्राला प्रतिष्ठा मिळणे दुरापास्त होते. पुढे दिल्लीत राष्ट्राच्या घडामोडी टिपताना त्यांनी स्वतःच्या मोटारीच्या क्रमांकावरून डालडा १३ असे टोपणनाव धारण केले. हे कोणाचे कर्तृत्व याचा उलगडा पुढे होऊ शकला, तो त्यांनी आपले काम आणि आठवणी जपून ठेवल्या म्हणून. संतांची नाममुद्रा घालून रचलेले प्रक्षिप्त अभंग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दुसऱ्याच्या गडकोटांच्या चित्रावर स्वतःचे नाव डकवून मिरवण्याचा आजचा प्रकार अपूर्व वाटणार नाही. मुद्रेची नक्कल करता येते; तिच्या पाठीमागच्या संग्रहाची नक्कल करणे फार अवघड.

आता सद्यःकाळाकडे यावे. चित्राच्या मध्यावर पसरलेली, अर्धपारदर्शक अक्षरांची खूण अभेद्य आहे अशी जी श्रद्धा होती, तिला २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी मोठा धक्का दिला. एकच खूण जर शेकडो चित्रांवर त्याच रूपात असेल, तर संगणक ती सारी चित्रे एकमेकांशी ताडून, बदलणारा भाग कोणता आणि न बदलणारा कोणता हे ओळखतो, आणि खूण अलगद वेगळी करून खालचे चित्र जवळजवळ मूळ रूपात परत मिळवतो, असे त्यांनी दाखवून दिले. दुसरीकडे, चित्राच्या फाइलमध्ये अदृश्यपणे नोंदलेली कर्त्याची माहिती बहुतेक समाजमाध्यमांवर चढवताना गळून पडते. म्हणजे दृश्य पहारा फोडता येतो आणि अदृश्य नोंद वाटेतच नाहीशी होते. कायद्याने मात्र खुणेचे मोल कमी केलेले नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क निर्माण होण्यास खुणेची किंवा नोंदणीची अट नाही. परंतु प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर ज्याचे नाव कर्ता म्हणून असेल तोच कर्ता असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, कलम ५५ अन्वये गृहीत धरले जाते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६५ ब अन्वये हक्कविषयक माहिती अधिकारावाचून जाणूनबुजून काढून टाकणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पुरावा देण्याचा बोजा कोणाच्या शिरावर पडावा, हे ठरवण्याइतके सामर्थ्य कडेच्या दोन शब्दांत आहे.

सबब, खूण करावी की नाही या प्रश्नाला प्रस्तुत लेखकाचे उत्तर निःसंदिग्ध आहे: करावी. ती चित्राच्या कडेशी, दीनदयाळांच्या मर्यादेने, लहान पण वाचता येईल अशी असावी. तीत नाव आणि वर्ष असावे, आणि शक्य तर क्रमांकही असावा. चित्राच्या मुखावर ती पसरू नये, कारण तेथे ती प्रामाणिक रसिकाला पीडा देते आणि तस्कराला फारसे अडवत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मूळ फाइल, तिची तारीख, स्थळ आणि चित्रात कोण आहे याची नोंद प्रत्येक छायाचित्रकाराने आपल्या घरी नेमाने ठेवावी, दोन ठिकाणी ठेवावी, आणि आपल्यामागे ती कोणाच्या हाती जायची याचीही व्यवस्था करावी. आणि दुसऱ्याचे चित्र पुढे धाडणाऱ्याने त्याची कड छाटू नये. ती छाटली गेली असेल तर कर्त्याचा शोध घेऊन त्याचे नाव शब्दांत लिहावे. आपल्या गावांच्या जत्रा, मोडकळीस आलेले वाडे, बंद पडलेल्या गिरण्या आणि आटत चाललेल्या नद्या यांची जी चित्रे आज लक्षावधी हातांनी टिपली जात आहेत, तीच उद्याच्या महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने आहेत; साधनाचे स्थळ, काळ आणि कर्ता हरवला म्हणजे ते साक्षीला उभे राहू शकत नाही, आणि ही हानी एका छायाचित्रकाराची नसून आपल्या सर्वांची आहे.