उस्मानियाची उर्दू
मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. त्यामुळे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे बघताना अभिमान आणि खंत एकदमच वाटतात.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली फर्मान काढले, १९१८ मध्ये विद्यापीठ उघडले. ब्रिटिश मुलखात पदवीचे शिक्षण बहुतेक इंग्रजीतून. इथे विज्ञान, कायदा, पुढे वैद्यकसुद्धा उर्दूतून. इंग्रजी विषय मात्र सक्तीचा. पुस्तकेच नव्हती, म्हणून आधी दारुत्तर्जुमा हे भाषांतराचे खाते काढले. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. एकेका शास्त्रीय शब्दासाठी तिथे विषयाचे आणि भाषेचे जाणकार एकत्र बसत. देशी भाषेत उच्च शिक्षण जमत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

पण रयत बहुतेक तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी. मराठवाड्यातल्या मुलाला इंग्रजीऐवजी उर्दू, एवढाच फरक. खरे तर खेड्यातल्या मुसलमानाची दखनीही त्या पुस्तकी उर्दूपासून लांबच होती. १९३८ मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यातल्या अनेकांना प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उर्दू गेली. तिच्या जागी तेलुगू आली नाही, मराठीही नाही. इंग्रजी आली.