बाईयाच्या बंदरातील गांधीपुत्र

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर साल्व्हादोर नावाचे एक जुने शहर आहे. ते ज्या प्रांतात वसले त्याचे नाव बाईया, आणि पूर्वीपासून लोक शहरालाही त्याच नावाने हाक मारीत आले आहेत. ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी तेथे कार्निव्हलचा मोठा उत्सव भरतो. कानठळ्या बसविणाऱ्या वाद्यांच्या त्या गर्दीतून एक मिरवणूक मात्र संथ पावलांनी येते. तीत हजारो पुरुष असतात. अंगात शुभ्र पायघोळ वस्त्रे, डोक्याला पांढरे फेटे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. त्यांपैकी बहुतेक आफ्रिकी वंशाचे. त्यांच्या मंडळाचे नाव ‘फिल्युस द गांधी’, म्हणजे गांधींचे पुत्र.

गांधीजी ब्राझीलला कधी गेले नव्हते. मग त्यांचे नाव इतक्या दूरच्या रस्त्यावर, इतक्या प्रेमाने, कोणी आणि का नेले? याचे उत्तर शोधण्यासाठी, श्रोतेहो, आज आपण या शहराची एक फेरी करू. फेरीचा आरंभ बंदरापासून करणे बरे, कारण बाईयाचा इतिहास बंदरातूनच वर चढला आहे.

इ. स. १५०१ मध्ये सर्व संतांच्या सणादिवशी पोर्तुगीज दर्यावर्दी या उपसागरात शिरले आणि त्याला त्या सणाचेच नाव मिळाले. १५४९ मध्ये तोमे द सोझा याने येथे शहर वसविले; १७६३ पर्यंत ते ब्राझीलची राजधानी होते. गोव्याहून लिस्बनकडे परतणारी गलबतेही येथे नांगर टाकीत. आपल्या कोकणाला आपला वाटणारा काजू मूळचा ब्राझीलचा. उलट बाईयाच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात तो फणस आपल्याकडून तिकडे गेला. मलयाळी ‘चक्का’ पोर्तुगिजांच्या जिभेवर ‘जाका’ झाला आणि त्याच नावाने तेथे रुजला.

परंतु या बंदरातला सर्वांत मोठा व्यापार फळांचा नव्हता, माणसांचा होता. तीन शतकांहून अधिक काळात सुमारे पन्नास लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलच्या भूमीवर उतरविण्यात आली. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशात इतकी आणली गेली नाहीत. त्यांतली दहा लाखांहून अधिक या एका उपसागरात उतरली. उसाच्या मळ्यांत, साखरेच्या घाण्यांवर, तंबाखूच्या शेतांत आणि धन्यांच्या घरांत त्यांना जुंपण्यात आले. उतरताना त्यांच्याजवळ सामान नव्हते. भाषा, देवांची नावे, ताल आणि हातातले कसब एवढेच त्यांच्याबरोबर आले.

आता आपण वर जाऊ. साल्व्हादोर दोन मजली शहर आहे : खाली बंदर आणि बाजार, वर कड्यावर चर्च, कचेऱ्या आणि श्रीमंतांची घरे. दोहोंना जोडणारा लासेर्दा नावाचा प्रसिद्ध पाळणा १८७३ मध्ये सुरू झाला. सुमारे ७० मीटरांची ही चढण आज अर्ध्या मिनिटात संपते. त्यापूर्वी मात्र साखरेची पोती, पाण्याची पिंपे, इतकेच काय, मेण्यात बसलेले धनीसुद्धा माणसांच्या खांद्यावरून वर जात.

वरच्या शहरात पेलोरिन्यू नावाची उतरती चौकाची जागा आहे. निळी, पिवळी, गुलाबी घरे आणि गोट्यांची फरसबंदी. १९८५ मध्ये या भागाला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. प्रवासी येथे छायाचित्रे घेतात. परंतु पेलोरिन्यू या शब्दाचा अर्थ आहे फटके मारण्याचा खांब. गुलामांना सर्वांदेखत शिक्षा दिली जाई तो खांब येथे होता. खांब गेला, नाव राहिले. शहराने हे नाव बदलले नाही, हे मला बरे वाटते. नाव बदलले असते, तर रंगांनी आपल्याला सहज फसविले असते.

याच उतारावर कृष्णवर्णीयांच्या जपमाळ-मातेचे निळे चर्च उभे आहे. १६८५ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय बंधुसंघाने ते अठराव्या शतकाच्या आरंभी बांधावयास घेतले. बांधणारे हात दिवसभर दुसऱ्यांचे होते. उरलेल्या वेळात, कित्येकदा रात्री, त्यांनी हे काम केले, म्हणून पुरे व्हावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. अशा बंधुसंघांनी केवळ पूजा केली नाही. मेलेल्या सोबत्याला सन्मानाने माती द्यावी, आजाऱ्याला पाहावे, पैसा साठवून एखाद्याचे स्वातंत्र्य विकत घ्यावे, ही कामेही त्यांनी केली. आजही तेथील मंगळवारच्या प्रार्थनेत आफ्रिकी ढोल वाजतात.

सहन करणे हा एकच मार्ग होता असे मात्र समजू नये. २४ जानेवारी १८३५ च्या रात्री, रमझानच्या महिन्यात, याच गल्ल्यांतून सुमारे ६०० आफ्रिकी शस्त्रे घेऊन बाहेर पडले. त्यांचे पुढारी मुसलमान होते. त्यांना ‘माले’ म्हणत. पहाटेपर्यंत उठाव चिरडला गेला आणि सत्तराहून अधिक बंडखोर मारले गेले. मागाहून कोणाला मृत्युदंड, कोणाला शेकडो फटके, कोणाला हद्दपारी झाली. पकडलेल्यांजवळ अरबी लिपीतले कागद सापडले. त्या काळी पुष्कळ धन्यांना स्वतःची सहीही करता येत नसे आणि त्यांचे गुलाम लिहू-वाचू शकत होते! ते कागद बाईयाच्या दप्तरखान्यात अद्याप जपलेले आहेत.

चालून भूक लागली असेल. कोपऱ्यावर पांढरा घेरदार झगा आणि फेटा घातलेली एक बाई कढई घेऊन बसली आहे. चवळी भिजवून, सोलून, वाटून, कांद्याबरोबर फेसून ती लाल पामतेलात वडे तळते. याला ‘आकाराझे’ म्हणतात. आपल्या जिभेला तो फार परका वाटणार नाही. पण हा नुसता खाऊ नव्हे. वादळाची देवता इयांसां हिचा हा नैवेद्य आहे. गुलामीच्या काळात अशा स्त्रिया रस्त्यावर पदार्थ विकीत, ठरलेली रक्कम धन्याला देत आणि वरचा पैसा गाठीला बांधीत. त्या गाठीतून कितीएकींनी स्वतःचे आणि आपल्या मुलांचे स्वातंत्र्य विकत घेतले.

इयांसांचा उल्लेख आला, म्हणून कांदोंब्ले या धर्माविषयी सांगितले पाहिजे. योरुबा आणि इतर आफ्रिकी लोकांची दैवते, ज्यांना ओरिशा म्हणतात, येथे ख्रिस्ती संतांच्या आडोशाने जगली. समुद्रमाता येमांझा हिच्यावर मेरीमातेची छाया पडली. इयांसां संत बार्बारेच्या नावाने पुजली गेली. या धर्माची सूत्रे बहुधा स्त्रियांच्या हाती राहिली. कासा ब्रांका हे तेथील अतिशय जुने देवस्थान; १९८४ मध्ये ब्राझीलने त्याला राष्ट्रीय वारशात स्थान दिले. त्याच्या केवळ आठ वर्षे आधीपर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत, बाईयातील अशा देवस्थानांना आपल्या पूजेसाठी पोलिसांकडे नोंद करावी लागे. आज २ फेब्रुवारीला रियो व्हेर्मेल्यूच्या किनाऱ्यावर कोळी लोक येमांझाला फुलांच्या टोपल्या अर्पण करण्यासाठी होड्या समुद्रात घालतात, तेव्हा सारे शहर लोटते.

कापुएराची कथाही अशीच आहे. नृत्य आणि झुंज यांचे हे मिश्रण एका तारेच्या धनुष्यवाद्यावर चालते. १३ मे १८८८ रोजी ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने संपली. आणि अवघ्या दोन वर्षांनी, १८९० च्या दंडसंहितेने, कापुएरा खेळणे हा गुन्हा ठरविला. माणूस मुक्त झाला, त्याचा खेळ मात्र बंदीत पडला. पुढे १९३२ मध्ये मेस्त्रे बिंबा यांनी आणि १९४१ मध्ये मेस्त्रे पास्तिन्या यांनी साल्व्हादोरात शाळा काढून या विद्येला प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१४ मध्ये युनेस्कोने कापुएराचे रिंगण मानवतेचा वारसा म्हणून स्वीकारले.

आता पुन्हा गोदीकडे उतरू. आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. १९४९ चे वर्ष. गोदी कामगारांची कमाई घटली होती, कामगार संघटनांवर सरकारची करडी नजर होती आणि कृष्णवर्णीयांचा जमाव ढोल घेऊन रस्त्यावर आला, की पोलिसांचा संशय जागा होई. दिल्लीत गांधीजींची हत्या होऊन एक वर्ष लोटले होते. १८ फेब्रुवारी १९४९ रोजी गोदीतल्या काही कामगारांनी आपल्या मंडळाला त्यांचे नाव दिले. वेषासाठी पैसा नव्हता, तेव्हा घरच्या चादरींची वस्त्रे आणि पंचांचे फेटे झाले. ढोल मात्र कांदोंब्लेचे, ताल इजेशा. त्यांचा भारत दुरून कल्पिलेला होता. मिरवणुकीत उंट आणि हत्तीही आले. आपण त्याला हसू नये. ज्या शब्दाची त्यांना गरज होती, तो त्यांनी अचूक उचलला होता : शांतता. रस्त्याने निर्भयपणे चालण्याचा हक्क त्यांना हवा होता, आणि हात न उगारता तो कसा मागावा याचे उदाहरण त्यांना एका दूरच्या माणसात दिसले.

फेरी संपवताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९९२ पासून पेलोरिन्यूची घरे दुरुस्त करून रंगविण्यात आली, तेव्हा त्यांत राहणाऱ्या हजारो गरिबांना तेथून उठावे लागले. ते बहुतेक त्याच गुलामांचे वंशज होते. वारसा सजला आणि वारसदार बाहेर पडले. २०२२ च्या जनगणनेत साल्व्हादोरच्या सुमारे २४ लाख रहिवाशांपैकी पाचांत चारांहून अधिकांनी स्वतःला कृष्णवर्णीय अथवा मिश्रवर्णीय म्हणवून घेतले. तरीही जुन्या शहरावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तेथे मिटलेला नाही.

म्हणून बाईयाला जाणाऱ्याने वडा चाखावा, ढोल ऐकावा, निळे चर्च पाहावे; पण प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबून विचारावे, की हे कोणी जपले आणि त्याची किंमत कोणी दिली. हा प्रश्न मनात ठेवून जो गोदीवर परत येईल, त्याला पांढऱ्या फेट्यांची ती मिरवणूक दिसताच तिचे नाव समजावून सांगावे लागणार नाही.