रेंजफाइंडरसाठी २८ मिमी भिंग निवडताना

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून नव्हे, तर बाजूच्या स्वतंत्र खिडकीतून दृश्य पाहतो. त्यामुळे भिंग मोठे असले की ते चौकटीचा खालचा उजवा कोपरा झाकते. वर छत्री चढवली तर आणखीच. आकाराचा प्रश्न येथे केवळ ओझ्याचा नाही.

लायकाच्या एम मालिकेत २००६चे एल्मारिट एफ/२.८ सुमारे १८० ग्रॅमचे, २०००चे समिक्रॉन एफ/२ सुमारे २७० ग्रॅमचे, तर २०१५चे समिलक्स एफ/१.४ सुमारे ४४० ग्रॅमचे आहे. समिलक्स एल्मारिटच्या चौपट प्रकाश घेते, पण वजन जवळजवळ अडीचपट आणि किंमत तर फारच चढी. शिवाय एवढा प्रकाश दरवेळी लागतोच असे नाही. २८ मिमीमध्ये हाताचा कंप कमी उमटतो. हात सवयीचा असेल, तर स्थिर दृश्य १/१५ सेकंदालाही टिपता येते. चालत्या माणसापुढे मात्र ही युक्ती चालत नाही. मंद दिव्याखाली हालचाल गोठवायची, तर मोठे छिद्रच हवे.

एफ/५.६वर तिन्हींच्या प्रतिमांतला फरक साध्या छपाईत ओळखणे कठीण. दिवसा रस्त्यावर हिंडणाऱ्याने एल्मारिटच घ्यावे. संध्याकाळची मैफल टिपणाऱ्याला समिक्रॉन पुरते.