आंबटाला न भिणारी सुरी

लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं काळंनिळं होतं. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी भिडून चक्क शाई तयार होते. जुन्या पोथ्यांची हिराकशीची शाई याच जातीची. लिंबाची तऱ्हा वेगळी. ते पात्यालाच चाटतं आणि लोखंडाची चव फोडीला लागते. फळं कापायच्या छोट्या सुरीचं सगळं घोडं या आंबटापाशीच अडलं होतं.

पितळी भांड्यात ताक कळकू नये म्हणून आपण कल्हई लावली. इंग्लंडातल्या श्रीमंतांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फळांसाठी चांदीच्या पात्याची सुरी काढली: मिटवता येणारी, शिंपल्याच्या मुठीची, खिशात मावणारी. फळाच्या आंबटाचं चांदीला काही वाटत नाही. पण चांदी पडली मऊ! तिच्यानं पिकलं पेअर सोलावं, सुरणाच्या वाटेला जाऊ नये.

1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होते. एका नमुन्यात सुमारे 12.8 टक्के क्रोमियम होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी नमुन्यावर आम्ल लावतात. याच्यावर ते चढेचना. क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर आड येत होता. शेफील्ड हे सुऱ्यांचंच गाव, आणि ब्रेअर्ली तिथलेच. त्यांनी व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला. पहिल्या सुऱ्या मात्र फसल्या. कारागिरांनी सवयीप्रमाणे पोलाद घडवलं, धार धरेना, आणि ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ म्हणून ब्रेअर्लींची टिंगल झाली. अर्नेस्ट स्टुअर्ट या जाणत्याला भट्टीचं तापमान साधलं तेव्हा कुठे सुरी कापू लागली. ‘स्टेनलेस’ हे नावही स्टुअर्ट यांचंच म्हणतात.

स्टेनलेस सुरी अशी शंभरेक वर्षांची, पण ‘सुरी’ हा आपला शब्द फार जुना. संस्कृतात क्षुर म्हणजे वस्तरा, क्षुरिका म्हणजे छोटं पातं. हिंदीत तिची छुरी झाली. मराठीनं इक्षूचा ऊस केला, कुक्षीची कूस केली, तशीच हिची सुरी. चाकू फारसीतून आला.

नाव घरचं असूनही भाजी चिरणं सुरीकडे नव्हतं. तो विळीचा मान. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी हलते, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. सुरी हातात धरली की निम्मं बळ तिलाच सांभाळण्यात जातं. ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक सुरू झाला तशी सुरी विळीच्या जागेवर सरकली. फणस मात्र अजून तिला जुमानत नाही.